शेवट येऊन सांगायचा

एकही पुस्तक पूर्ण न वाचता अख्ख्या गावाला वाचायला लावणारा दुसरा माणूस येलदरीच्या धरणापासून राणीसावरगावापर्यंत कुणी शोधून दाखवावा, मी पत्रकं काढणं बंद करतो. हे आव्हान मी जाहीरपणे देतो आहे. माझी पत्रकं बंद व्हावीत असं वाटणारी माणसं आमच्या सेलू तालुक्यात पुष्कळ आहेत, आमच्या ग्रामपंचायतीत तर सगळीच आहेत, तरी अजून कुणी पुढं आलेलं नाही. यावरून आमचे भूगोलाचे सर ही काय चीज आहे ते समजून घ्यावं. देवगाव फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत सरांनी तीस वर्षं नकाशे टांगले, पृथ्वीचा गोल फिरवला आणि दिसेल त्याच्या हातात पुस्तक कोंबलं. मीही त्यांचाच विद्यार्थी. भूगोलातलं मला फारसं काही राहिलं नाही. मोर्चा कोणत्या दिशेनं न्यायचा एवढं कळतं, तेही कधीकधी चुकतं.

पाडव्याला लोक गुढी उभारतात, श्रीखंड खातात आणि संध्याकाळी झोपून उठतात. सर त्या दिवशी वाचनाचा संकल्प करायचे आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गातल्या फळ्यावर कोपऱ्यात लिहायचे. शाळेतल्या मराठीच्या गुरुजींचाही संकल्प असायचा, आठवड्याला एक पुस्तक असा, आणि तो दरवर्षी पार पडल्याचं ते स्वतःच जाहीर करायचे. सरांचा संकल्प एकच होता आणि तो कधी बदलला नाही: ‘या वर्षी एक पुस्तक पूर्ण वाचीन.’ वर्षभर तो मजकूर फळ्याच्या कोपऱ्यात असायचा. पोरं फळा पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसायची. वर्ष संपलं की सर तो स्वतःच्या हातानं पुसायचे आणि वर्गाकडं वळून म्हणायचे, “यंदाबी जमलं नाही. निकाल लागल्यावर तोंडं पाडून बसू नका, माझ्याकडं बघा.” मग खडू घेऊन पुन्हा तेच लिहायचे. नापास व्हायची इतकी सवय असलेला शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

आता कुणाला वाटेल की हा माणूस आळशी असणार. तसं अजिबात नाही. सर सारखे वाचायचे. फाट्यावरच्या हॉटेलात चहा गार होईपर्यंत वाचायचे, एस.टी.त उभ्यानं वाचायचे, निवडणुकीच्या कामाला जुंपलं की मतदार नसलेल्या दुपारी वाचायचे. एकदा पुस्तक वाचता वाचता फाटा आला ते कळलं नाही आणि सर थेट पुढच्या तालुक्यात जाऊन उतरले. परतीच्या गाडीत तेच झालं, आणि सूर्य मावळल्यावर आमचं गाव दोन्ही बाजूंनी ओलांडून सर शेवटी एका ट्रॅक्टरवर बसून घरी आले. अडचण एवढीच होती की निम्म्याच्या आसपास कुठंतरी त्यांना पुस्तकात एक माणूस दिसायचा. पुस्तकातला नव्हे, गावातला. सर वाचता वाचता थबकायचे, मान वर करायचे, आणि “अरे, हे तर आपल्या दत्ताचं हाय” असं म्हणून पुस्तक मिटायचे. एकदा पुस्तक दत्ताचं आहे असं कळल्यावर ते पुढं वाचणं म्हणजे सरांना दुसऱ्याचा डबा उघडून खाल्ल्यासारखं वाटायचं. उठायचे आणि तसेच दत्ताच्या दारात जाऊन उभे राहायचे. दत्ता जेवत असो, अंघोळीला बसलेला असो, पुस्तक त्याच्या हातात द्यायचं आणि एकच अट घालायची: शेवट येऊन सांगायचा. पुस्तक परत आणायचं असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते त्याचंच होतं, परत कशाला मागायचं, असा त्यांचा हिशेब.

कोणतं पुस्तक कुणाचं, हे त्यांना कशावरून कळायचं ते देव जाणे. मार्क, इयत्ता, वय, यातलं काही ते बघायचे नाहीत. सगळ्यांशी मारामाऱ्या करणाऱ्या एका पोराला त्यांनी पाखरांच्या घरट्यांवरचं पुस्तक दिलं. वर्गात पहिली येणाऱ्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीला दरोडेखोरांच्या गोष्टी दिल्या. पुढं तिनं गॅदरिंगमध्ये दरोडेखोराचं काम केलं आणि पाहुणे दचकले. टेम्पो चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तर त्यांनी ऐन लग्नात गाठलं. आहेराच्या रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर नवरदेवाच्या हातात समुद्रप्रवासाचं एक जाड पुस्तक ठेवून फोटो न काढताच उतरले. नवरदेव बिचारा मुंडावळ्या वर सारून तिथंच वाचायला लागला. नवरीच्या मामानं दोनदा खाकरून पाहिलं, शेवटी विचारलं की पावणं, काय चाललंय. तेव्हा नवरदेव मान वर न करता म्हणाला, “जहाज बुडायलंय मामा, थांबा जरा.” तो संसार नीट चालला आहे हे मी मुद्दाम सांगतो, कारण नवरीकडच्यांनी पुढं बरेच दिवस त्या जहाजाचं खापर सरांवर फोडलं होतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना त्यांनी एक रहस्यकथा दिली. मावशींची शाळा चौथीत सुटलेली. त्या चुलीपुढं बसून अक्षर अक्षर लावत वाचायच्या. कादंबरीत दुसरं प्रेत सापडलं त्या दिवशी खिचडी खाली लागली. मुख्याध्यापक ओरडायला गेले तर मावशी म्हणाल्या, “सायेब, आधी खुनी सापडू द्या, मग खिचडीचं बगू.” तेच पुस्तक मावशींकडून सातवीतल्या एका पोरानं नेलं. मावशींनी सरांना येऊन सांगितलं की खून डॉक्टरनं केला. पोरानं येऊन सांगितलं की खून भावजयीनं केला. पोरानं अर्थातच ठोकून दिलं होतं, कारण त्याला क्रिकेटला जायचं होतं. सरांनी दोन्ही शेवट ठेवून घेतले. मी तेव्हाही चिडायचोच, म्हणालो की सर, सत्य एकच असतं. सर म्हणाले, “असंल. पण संशय तर दोघांवरबी होता ना.”

इथं माझी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ माझा आहे. मी कार्यकर्ता आहे. शाळेचं पत्र्याचं छप्पर, फाट्यावर न थांबणाऱ्या गाड्या, रात्रीची लाईट, दवाखान्यात नसलेले डॉक्टर, या सगळ्यांवर मी पत्रकं काढली आहेत. माझं वाक्य ‘जाहीर निषेध’ इथं सुरू होतं आणि ‘अन्यथा’ या शब्दाशी येऊन धमकी देतं. चहात साखर कमी पडली तरी माझ्या डोक्यात मथळा तयार होतो. अशा माणसाच्या मनात एके दिवशी आलं की सरांचं एक पुस्तक पूर्ण होत नाही, हा सरळ सरळ अन्याय आहे. पुस्तक कशामुळं राहतं हे मला चांगलं ठाऊक होतं, पण त्यात सरकारचा काही दोष निघेना. दोष नसला की पत्रक निघत नाही. म्हणून मी दोष शोधला: निवडणुकीची कामं, याद्या, घरोघरचे सर्वे, खिचडीचे कागद. या कामांमुळं एका शिक्षकाला वाचायला वेळ मिळत नाही, हे व्यवस्थेचं पाप आहे, असा घणाघाती मजकूर लिहिला आणि वर ठसठशीत मथळा दिला: ‘शिक्षकाचे तीस वर्षांत एकही पुस्तक पूर्ण नाही! याला जबाबदार कोण?’ सेलूला जाऊन छापून आणलं, पारावर वाटलं, गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकलं आणि क्रांतीची वाट बघत घरी जेवायला बसलो.

गावानं माझं पत्रक अगदी सरांच्या पद्धतीनं वाचलं. हे कुणाबद्दल आहे ते कळेपर्यंत वाचलं आणि मिटलं. खाली व्यवस्था होती, पाप होतं, अन्यथा होतं, तिथपर्यंत कुणी आलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सर पोरांना न वाचलेली पुस्तकं देतात. मी फाट्यावरच्या हॉटेलात सरांना गाठलं. तोंड कसं दाखवावं ते कळत नव्हतं. सर चष्मा कपाळावर चढवून पत्रकच वाचत होते. म्हणाले, “नेते, हे मी शेवटपर्यंत वाचलं. आखूड हाय म्हणून जमलं. मधी मला वाटलं की हे हेडमास्तरांचं दिसतंय, देऊन टाकावं, पण म्हणलं तुझ्यासाठी पुरं करू.” रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवसांतच शाळा समितीची बैठक लागली. समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. त्यांची मुलगी अश्विनी दहावीत, सरांच्या हातून सगळ्यात जास्त पुस्तकं नेणारी. पण काका खुर्चीवर बसले की घरचं दार लावून येतात. वर्गात पालक दाटीवाटीनं बाकांवर बसले होते आणि लाईट नव्हती. काकांनी सरांना विचारलं की हे खरं आहे का. सर उभे राहून म्हणाले, खरं आहे. मागून एक बाई म्हणाल्या की म्हणजे आमच्या लेकरांना हे उष्टं वाढतात. कुणी म्हणालं की पुढच्या पानांत काही भलतंसलतं असलं तर. मी उठून व्यवस्थेवर बोलायला सुरुवात केली तेव्हा काकांनी हात केला. “तू बस. तुझ्यामुळंच बसलोत समदे.” मी बसलो. मग काका सरांना म्हणाले, “सर, राग मानू नका. आमी खताची पिशवी घेताना बी तिच्यावरचं समदं वाचून घेतो. लेकरांच्या डोक्यात घालायचं, ते तुमी निम्मं वाचून कसं घालता?”

सरांकडं याचं उत्तर असेल असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, “वाचता वाचता पोराची आठवण येती. मग पुढं मनच लागत नाही, दुसरं काही नाही.” बाकांवर कुणीतरी हसलं. ठराव झाला: सरांनी यापुढं पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कुणालाही देऊ नये. सर म्हणाले, बरोबर आहे. निघताना मला पाठीवर थाप मारून म्हणाले की तुझ्या कृपेनं यंदा संकल्प पार पडतो बघ. माझ्या पत्रकानं झालेला हा पहिलाच ठराव, आणि मला तो कुठं सांगायची सोय राहिली नाही.

त्यानंतरचे शनिवार मी शाळेच्या खिडकीतून पाहिले आहेत. शनिवारचा शेवटचा तास सरांच्या पुस्तकांचा असायचा. पूर्वी त्या तासाला बाजार भरायचा: कुणी शेवट सांगायला उभं, कुणी नवीन मागायला, कुणी ‘माझं कधी सापडणार’ म्हणून कुरकुरत. आता सर टेबलापाशी एक जाड पुस्तक उघडून वाचत बसायचे आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून सरांना वाचताना बघायचा. पान उलटलं की वर्ग हलायचा. मधेच सरांचं बोट एका ओळीवर थांबायचं, मान वर यायची, नजर बाकांवरून फिरून एखाद्या पोरावर टेकायची. पुस्तक मिटायला हात उचललेला दिसायचा. मग सरांना ठराव आठवायचा आणि सर पुन्हा खाली बघायला लागायचे. ते पोरही समजायचं. खिचडीच्या मावशी दारातून विचारायच्या, “काई नवीन आलंय का सर?” सर ओशाळून म्हणायचे, “थांबा मावशी, वाचायलोय.” खिचडी आता कधीच लागत नव्हती. इतकी बेचव खिचडी त्या शाळेत आधी शिजली नव्हती, असं पोरं सांगत.

काकांच्या घरी तर वेगळाच छळ सुरू झाला. अश्विनी रोज जेवताना बापाला विचारायची की सरांचं कुठवर आलं. काका खुर्चीवर कितीही कडक असले तरी ताटावर त्यांचं काही चालत नाही. एकदा पारापाशी त्यांनी सरांची सायकल अडवली आणि विचारलं की अजून किती राहिलं. सर म्हणाले निम्मं. काका आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “जरा हात उचला की सर. पोरगी मला जेवू देईना.” ठराव मागं घ्या, असं मी तिथल्या तिथं सुचवलं. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं पत्रक मनातच फाडलं.

कापूस फुटायच्या दिवसांत, एका दुपारी, फाट्यावरच्या हॉटेलात सरांनी ते पुस्तक संपवलं. मी समोरच बसलो होतो, सेलूची गाडी लागायची होती. शेवटची पानं ते फार सावकाश वाचत होते, एक ओळ वाचून चहाकडं बघायचे, पुन्हा एक ओळ वाचायचे. मग मिटलं. मी मोबाइल काढला, म्हटलं सर, पुस्तक हातात धरा, फोटो घेतो, संकल्प पूर्ण. सरांनी हातानंच नको म्हटलं. लेकीला सासरच्या गाडीत बसवून आलेल्या माणसासारखे दिसत होते. मी विचारलं की कुणाचं निघालं हे. सर म्हणाले, “माझंच की रे. संपेपर्यंत माझंच होऊन बसलं. आता कुणाला द्यायचं म्हणलं की जीवावर येतंय.” आणि हसले. “बहुतेक म्हणूनच मी पुरं करत नव्हतो. इतकी वर्षं माझं मलाच माहीत नव्हतं.”

ते पुस्तक बरेच दिवस त्यांच्या पिशवीत फिरलं. ठरावाप्रमाणं ते आता द्यायला मोकळे होते आणि देत नव्हते. शेवटी एका शनिवारी अश्विनी उभी राहिली आणि तिनं विचारलं, “सर, शेवट काय झाला?” वर्गात हसू फुटलं. तीस वर्षं पोरांना जे विचारलं ते आज पोरीनं त्यांना विचारलं होतं. सरांना सांगावंसंच वाटेना, असं नंतर मला म्हणाले. ते खुर्चीतून उठले, पिशवीतून पुस्तक काढलं, तिच्या बाकापर्यंत गेले आणि म्हणाले, “तूच वाच. पण हे परत आण माझ्याकडं.” परत आण हे शब्द त्या वर्गानं सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. अश्विनीनं दोन्ही हातांनी घेतलं, असं पोरं सांगतात. मी तेव्हा खिडकीत नव्हतो, तहसीलपुढं घोषणा देत होतो, आणि ते निवेदन कशाबद्दल होतं ते मला आज आठवत नाही.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, माझं भाषण झालं. ‘अन्यथा’पाशी आल्यावर काकांनी माइक काढून घेतला. सर सेलूला राहायला गेले. शनिवारच्या तासाला आता नवे गुरुजी एक उतारा आणि त्याखाली प्रश्न देतात. मी त्याविरुद्ध पत्रक लिहून ठेवलं आहे. मथळा सुचत नाही म्हणून पडून आहे, नाहीतर मथळ्यावाचून माझं कधी अडत नाही. सेलूला गेलो की सरांकडं जातो. ते आता पुस्तकं शेवटपर्यंत वाचतात. यंदा बरीच झाली, असं चोरी पकडल्यासारखं सांगतात, आणि संपलेली पुस्तकं कपाटात ओळीनं लावतात. दर खेपेला चहा संपत आला की विषय नसल्यासारखं विचारतात की अश्विनी काय म्हणते, ते पुस्तक झालं का तिचं.

गेल्या महिन्यात परभणीला कलेक्टर कचेरीवर आमचा मोर्चा होता. तो झाल्यावर मी अश्विनीच्या होस्टेलवर गेलो. ती तिथं अकरावीला आहे. म्हटलं सरांचं पुस्तक दे, जाता जाता देतो. तिनं ते उशाखालून काढलं. चांगलं झिजलं होतं. शेवटाच्या जरा आधी एक खूण घातलेली होती. मी विचारलं की एवढंच राहिलंय तर वाचून का टाकत नाहीस, सर वाट बघतात. ती खुणेवर बोट ठेवून उभी राहिली. “वाचलं की द्यावं लागंल ना दादा. दिलं की मग सरांकडं जायला कारण काय राहिलं?” कारण कशाला लागतं, अशीच जा, असं मी तावातावानं सांगायला गेलो. तिनं मान हलवली. “अशीच जायला लय लाज वाटती. असू दे थोडे दिवस.” मी जिल्हाधिकाऱ्यांपुढं अर्धा तास बोलून आलो होतो, तिनं माझं निवेदन एका वाक्यात निकालात काढलं. पुस्तक तिच्याकडंच ठेवून निघालो.

परतताना सेलूत उतरलो. सरांनी दार उघडलं, माझ्या हातांकडं बघितलं, आत बसवलं. मी खरं ते तोंडावर सांगणारा माणूस आहे, निदान पत्रकाच्या खाली माझ्या नावाशेजारी तसं छापलेलं असतं. सरांनी विचारलं की भेटली का. मी म्हणालो, “भेटली. वाचायलीय अजून.” कुठवर आली, त्यांनी विचारलं. मी कपाटाकडं बघत म्हणालो, “निम्म्यावर असंल.”

सरांचा चेहरा उजळला. चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, “घाई करू नको म्हण तिला.”

मी बरं म्हणालो, आणि गाडीला उशीर होत असल्यासारखा उठलो.